लांब नळीचा कॅमेरा

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या वाचन मंडळाची पोरं घरी आली. सात जण. वर्गणी जमवली होती आणि मंडळासाठी कॅमेरा घ्यायचा होता. म्हणाली, काका, तुमच्याकडं तो लांब नळीचा कॅमेरा आहे ना पक्ष्यांचा, तसाच आम्हाला सांगा. त्यातला एक जरा फटकळ आहे. तो भिंतीवरचे फोटो बघत होता. म्हणाला, "काका, राग येऊ देऊ नका. गावोगाव आपल्या माणसांवर काय काय व्हायलंय अन् तुम्ही बगळ्यांचे फोटो काढत फिरायलात. हे चोचले आपल्याला कशाला?"

राग आला. पण उत्तर आलं नाही. कॅमेऱ्याचं काहीतरी बोललो, चहा पाजला आणि त्यांना लावून दिलं. आता सावकाश लिहितो. कॅमेऱ्याचं वेगळं आणि चोचल्याचं वेगळं लिहायला बसलो होतो, ते जमेना. माझ्यापुरतं ते एकात एक गुंतलेलं आहे.

मी १९८८ साली नांदेडात एका स्टुडिओत डार्करूमचा पोऱ्या म्हणून लागलो. ऑर्वोचे रोल, ऊटीच्या सरकारी कारखान्यातला इंदूचा माल, हायपोचा वास. लाल दिव्याखाली कोऱ्या कागदावर माणसाचं तोंड हळूहळू वर येतं, ते पहिल्यांदा बघितलं त्या रात्री झोप लागली नव्हती. त्याच्या दहा वर्षं आधी, १९७८ च्या जुलैत, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. त्यात आमचंही घर गेलं. मी आठ वर्षांचा होतो. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तोवर मी मिरवणुकांचे फोटो काढायला लागलो होतो. पण आमच्या त्या घराचा फोटो एकही नाही. जळायच्या आधीचा नाही, नंतरचाही नाही. माय सांगायची, दाराला निळा रंग होता. थोरला भाऊ म्हणतो, दार कुठलं, तट्टी होती. कोण खरं, आता कशावरून ठरवायचं?

पुढं स्वतःचा धंदा केला. लग्नं, नामकरणं, धम्म परिषदा, चौदा एप्रिल. ह्या कामाला ५० मिलिमीटरची एक लेन्स आणि फार तर ७०-२०० चा झूम पुरतो. पक्षी आयुष्यात फार उशिरा आले. विष्णुपुरीच्या धरणाच्या पाण्याजवळ एका जोडप्याचे फोटो काढत होतो. कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडत थांबला आणि दगड पडावा तसा पाण्यात पडला. वर आला तेव्हा चोचीत मासा. नवरा-नवरीला तसंच उभं ठेवून मी त्याच्याकडंच बघत राहिलो. नवरा खाकरला तेव्हा भानावर आलो. त्या दिवशी त्याचा एक फोटो काढला होता. धुऊन पुसून बघितला तरी ठिपका तो ठिपकाच.

तिथून लेन्सची भूक लागली. ती भूक वाईट असते, पोरांनो. दारूसारखी.

आता हिशेब सांगतो. ५० मिलिमीटरमधून वस्तू जेवढी दिसते त्याच्या आठपट ती ४०० मधून दिसते. कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटरच्या रोलएवढा नसून लहान असेल, तर चौकट आणखी कातरली जाते आणि ४०० ची लेन्स ६४० सारखी वागते. ह्यात काही फुकट मिळत नाही, कडा कापल्या जातात एवढंच. पण पक्ष्याला कडा लागत नाहीत. टिटवी वीस मीटरवर असली तर अशा बॉडीवर ४०० मध्ये ती चौकटीच्या उंचीचा एक-तृतीयांश भाग भरते. चाळीस मीटरवर गेली की निम्मीच. म्हणजे किती मिलिमीटर पाहिजेत हा प्रश्न तुम्ही किती जवळ जाऊ शकता ह्या प्रश्नावर उभा आहे.

फोटोग्राफीची पुस्तकं म्हणतात, महाग लेन्स घेऊ नका, चार पावलं पुढं जा. बरोबर आहे. पण पुढं कुणाचं शेत आहे, ते पुस्तकात नसतं.

लोह्याकडं एका बांधावर बसलो होतो. तेव्हा माझ्याकडं ३०० ची लेन्स होती. समोर जुंधळ्याच्या कणसावर वेडा राघू. मागून आवाज आला.

"कुणाचा रं तू?"

"नांदेडचा आहे, दादा. पक्ष्यांचे फोटो काढायलो."

"नांदेडचा ते झालं. कुणाचा?"

हा दुसरा 'कुणाचा' काय विचारतो ते तुम्हाला सांगायची गरज नाही. मी आडनाव सांगितलं. माणूस पन्नाशीचा, माझ्याच वयाचा असेल. त्यानं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. फक्त म्हणाला, "बांधाच्या खाली उतर. अन् इहिरीकडं नळी फिरवू नको." उतरलो. जय भीम म्हणून उतरलो, पण उतरलो.

त्या दिवसापासून मी लेन्स निवडायची माझी रीत ठरवली. कुणाला न विचारता मी कुठं उभा राहू शकतो? रस्त्यावर. पुलावर. धरणाच्या भिंतीवर. नदीच्या काठावर, आणि गायरानात. तिथून पक्षी किती लांब असतो? तीस-चाळीस मीटर. तेवढ्याला ३०० पुरत नाही. माझ्या आज्याला गावात अंतर राखून उभं राहावं लागायचं, आणि मी अंतराची लेन्स शोधत दुकानं पालथी घालत होतो. ह्याचं कधी हसू येतं, कधी येत नाही.

सगळ्यात वर असते ती ६०० मिलिमीटर एफ/४. किंमत दहा लाखांच्या वर, वजन तीन किलो आणि जुनी असेल तर पाच. एका शिबिरात हातात धरायला मिळाली होती. खोटं कशाला बोलू, डोळ्याला लावली आणि पोटात गलबललं. पण ती घेऊन एसटीत कुठं बसणार? शिवाय तिच्यासाठी तिकाटणं पाहिजे, ते धरायला माणूस पाहिजे, न्यायला गाडी पाहिजे. ती लेन्स एकटी येत नाही, सगळा वाडा बरोबर घेऊन येते.

मग सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६००. ह्या आल्या आणि आमच्यासारख्यांना पहिल्यांदा ६०० चा आकडा दिसला. वजन दोन किलोच्या आत-बाहेर. निकॉनवाल्यांना २००-५०० आहे, एफ/५.६, ती थोडी जड पण चांगली. सोनीची २००-६०० त्याहून सरस, तशीच महाग. मी १५०-६०० भाड्यानं आणून महिनाभर वापरली. वाईट नाही. पण आपल्या मुलखात ६०० मिलिमीटरचा एक मोठा शत्रू आहे, ऊन. मार्चपासून सकाळी नऊच्या पुढं जमीन तापते, झळा निघतात, आणि लांबच्या वस्तूच्या कडा पाण्यात हलाव्यात तशा हलतात. लेन्स जेवढी लांब तेवढ्या झळाही मोठ्या होऊन येतात. लोक म्हणतात लेन्स धूसर आहे. लेन्स धूसर नाही, लातूरची हवा उकळते आहे. त्यावर दहा लाखांचाही इलाज नाही. पहाटे जा, आडवे पडा, वाट बघा, ऊन चढलं की घरी या.

शेवटी मी घेतली कॅननची जुनी ४०० मिलिमीटर एफ/५.६. १९९३ सालची बनावट. झूम नाही, हात थरथरला तर सावरून घेणारी यंत्रणा नाही. पण सव्वा किलो वजन, गळ्यात अडकवून दिवसभर फिरता येतं, आणि फोकस झटकन बसतो. कंपनीनं ती बनवणं बंद केलंय, मिळाली तर सेकंडहँडच. मी मुंबईतून आणली. जुनी लेन्स घेताना मागून मोबाइलची बॅटरी मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. समुद्राकडच्या दमट हवेतल्या लेन्सांना ती फार. आपल्याकडं बुरशी कमी, धूळ जास्त. बॉडी घेतली सेव्हन-डी मार्क टू, तीही वापरलेली. थरथर सावरणारं काही नसल्यामुळं शटर हजाराव्या हिश्श्याच्या खाली नेत नाही. उडत्या पक्ष्याला दोन हजार. नवे आरशाशिवायचे कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपोआप शोधतात. मी ते बघितलेत. थक्क व्हायला होतं. परवडेल तेव्हा घेईन.

एवढं सगळं झालं, आणि खरी गोष्ट पुढंच आहे.

मी एका पक्षिमित्र मंडळात जायला लागलो होतो. माणसं चांगली होती, माझ्याशी नीट वागायची. रविवारी फोटो दाखवायचे आणि त्यावर बोलायचे. त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा, 'बॅकग्राउंड'. बॅकग्राउंड कसं सायीसारखं विरघळलंय! महाग लेन्सचं कौतुक अर्धं ह्याच्यासाठी असतं. एफ/४ चं तोंड मोठं, ते उघडलं की फक्त पक्षी धारदार राहतो आणि त्याच्या मागचं सगळं वितळून एक रंग होतं. काडी, कचरा, तार, घर, माणूस. मीही ते शिकलो. मलाही ते आवडायचं. अजूनही आवडतं, हे लपवत नाही.

माझा मामा लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात गायरान कसतो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, लातूर, आणि पुढं मिळेल त्या गाडीनं. दगडाळ माळ, एकच पीक, तेही पाऊस असेल तर. पीक निघालं की सगळं उघडं. त्या उघड्या रानात मला धाविक सापडला. तांबूस डोकं, डोळ्यावरून पांढरी आणि काळी रेघ, लांब फिकट पाय. चार पावलं पळतो, थांबतो, मान ताठ करतो, वाकून किडा उचलतो, परत पळतो. थांबला की मातीत मिसळून जातो. मी पोटावर पडून दीड तास सरपटत वीस मीटरवर पोचलो. इथं मला कुणी 'कुणाचा' म्हणून विचारणारं नव्हतं. मामी झोपडीच्या दारातून बघत होती आणि मोठ्यानं म्हणत होती, "मातीत कशाला लोळायलाय बाई ह्यो!"

एफ/५.६ वर काढलेला पहिला फोटो बघितला. धाविक झकास. मागं एक तपकिरी डाग आणि त्यात एक हिरवा डाग. तपकिरी म्हणजे झोपडी. हिरवा म्हणजे मामी.

मी तिथंच पडून राहिलो. बराच वेळ. पक्षी दोनदा गेला आणि परत आला. मग एफ/११ लावलं. त्यात उजेड चौथा हिस्साच आत येतो, म्हणून आयएसओ चारशेचा सोळाशे केला. फोटोला थोडे दाणे आले. पण झोपडी झोपडी दिसायला लागली. पुसटच, पण तिचा कूड कळतो, दार कळतं, दारातली बाई कळते, बाजूला बांधलेली शेळी कळते. आणि पुढं धाविक, तसाच धारदार.

तो फोटो मी मंडळाच्या प्रदर्शनाला दिला. निरोप आला, फोटो उत्तम आहे, तेवढी मागची झोपडी कापता आली तर बघा, लक्ष विचलित होतं. मी कापली नाही. फोटो लागला नाही. ह्यावरून भांडण वगैरे काही झालं नाही, तसं काही सांगायचं नाही. पण त्याच प्रदर्शनात एक भाषण झालं. माळरानं संपली, गायरानांवर अतिक्रमणं झाली, म्हणून धाविक गेला, चंडोल गेला, माळढोक गेला. टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. तिथं ज्याला अतिक्रमण म्हणत होते, त्याला मी मामा म्हणतो.

मी रात्रभर विचार केला की ह्यात खरं किती. खरं थोडं आहे. गवत नांगरलं की गवतातले पक्षी जातात, हे आपण नाकारू नये. आपली बाजू आहे म्हणून डोळे मिटून बोलायचं तर कॅमेरा हवा कशाला? पण माळ फक्त मामाच्या नांगरानं गेला का? कालवे आले, ऊस आला. माळ म्हणजे पडीक असं समजून सरकारनंच त्यावर झाडं लावली, सोलापूरकडं गिरिपुष्पाची रोपवनं उभी केली. विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात. त्याच भागात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, कागदावर ८४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावंच्या गावं आली. पुढं ते १२२२ वर आणलं. माळढोक तिथं आता जवळजवळ राहिला नाही. एवढं सगळं असताना भाषणात नाव मात्र गायरानवाल्याचं येतं, कारण त्याच्याकडं सातबारा नाही.

आपल्या लोकांनी गायरानं का धरली ते तुम्हाला माहीत आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. पण पुरावा पाहिजे. एक-ई ची नोंद नाहीतर दंडाची पावती. मामानं दंड भरला होता. पावत्या पत्र्याच्या पेटीत होत्या आणि पेटी एका पावसात भिजली. मी १९८८ पासून नांदेडात लोकांची तोंडं धुऊन कागदावर आणत होतो आणि मामाच्या उभ्या पिकाचा एक फोटो काढून ठेवायचं मला सुचलं नाही. सुट्टीत जायचो, हुरडा खायचो, यायचो. २०२२ साली उच्च न्यायालयात गायरानाचा विषय निघाला आणि गावोगाव नोटिसा गेल्या. मामालाही आली.

प्रदर्शनात गिधाडाचाही एक मोठा फोटो होता, ६०० एफ/४ चा, पाठीमागं नुसतं निळं. आमच्या घरात गिधाड हा पक्षी नव्हता, भागीदार होता. आज्या सांगायचा, ढोर पडलं की आधी कोण पोचतो त्याची शर्यत, आपण का गिधाड. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आमच्याकडं ते पोचायला वेळ लागला, पण आज्यानं सोडलं ते सोडलंच. गिधाडांचा हिस्सा वाढायला पाहिजे होता. पण १९९० नंतर तीच मेली, शंभरातली पंचाण्णवाहून जास्त. जनावरांना टोचायच्या डायक्लोफिनॅक औषधानं मेली हे २००४ साली सिद्ध झालं, २००६ ला जनावरांसाठी ते बंद केलं. आता गडचिरोलीत, फणसाडला वनखात्यानं गिधाडांसाठी मेलेली ढोरं टाकायच्या जागा केल्या. त्याला उपाहारगृह म्हणतात. आज्या असता तर काय म्हणाला असता ह्याचा विचार करत मी त्या फोटोसमोर उभा होतो. शेजारच्या माणसाला वाटलं, मी लेन्सचा विचार करतोय.

तर आता मंडळाच्या कॅमेऱ्याचं. माझी लेन्स घेऊ नका. तुमच्या वर्गणीत ती बसेलही, पण ती एकाच माणसाच्या हाताची आहे आणि तुम्ही सात जण आहात. ब्रिज कॅमेरा घ्या, लेन्स न बदलणारा. निकॉनचा पी-९०० हा २०१५ साली निघाला होता, सेकंडहँड मिळतो. २४ मिलिमीटरपासून २००० च्या तोडीपर्यंत झूम, वजन किलोच्या आत. त्याचा सेन्सर नखाएवढा आहे म्हणून जाणकार नाक मुरडतात. अंधारात फोटो दाणेदार येतो, उडता पक्षी पकडताना दमछाक होते, हे खरं आहे. आणि दुसरी तक्रार करतात की बॅकग्राउंड विरघळत नाही. माझ्या धाविकाला लागला तेवढाच झूम लावला तर त्यात झोपडी माझ्या एफ/११ पेक्षाही स्पष्ट येते. मी मामाच्या रानात उसना नेऊन बघितलंय. आपल्याला तो दोष परवडतो. २००० पर्यंत ताणू नका मात्र. तिथं झळाच झळा.

मिरवणुकीला लांब नळी नेऊ नका. लांबून काढलेल्या फोटोत माणसं एकमेकांना चिकटलेली दिसतात, गर्दी खोटी वाटते. २४ वर ठेवा आणि माणसांत शिरा. अत्याचाराच्या ठिकाणी गेलात तर आधी लांबून सगळी वस्ती एका चौकटीत घ्या, मग जवळ जा. तारीख-वेळ कॅमेऱ्यात बरोबर लावलेली पाहिजे. मूळ फाईल कापू नका, उजळू नका, तशीच दोन ठिकाणी ठेवा. बाईमाणसाला विचारल्याशिवाय लांबून फोटो काढू नका. आपले असे फोटो लोकांनी फार काढलेत. पक्ष्याचं घरटं जमिनीवर सापडलं तर जागा कुणाला सांगू नका, आणि तिथं दोन मिनिटांवर थांबू नका, उन्हात अंडी भाजतात.

मामाच्या नोटिशीला वकिलानं उत्तर दिलंय. त्याला दंडाच्या ज्या दोन पावत्या वाचल्या त्या जोडल्या आणि मीच म्हणालो म्हणून तो फोटोही जोडला, मागं तारीख लिहून. १९९० चा पुरावा तो होत नाही, हे मला कळतं. वकीलही तेच म्हणाला. मामीला एक प्रत दिली तर तिनं आधी शेळी ओळखली, मग स्वतःला. धाविक तिला दाखवावा लागला. म्हणाली, "ह्यो व्हय? ह्यो तर रोज असतोय की."

तारीख अजून लागलेली नाही.

पोरांनो, येत्या रविवारी पहाटे साडेपाचला विष्णुपुरीच्या पाण्यावर या. कॅमेरा आणलात तर उत्तम, नाहीतर माझा आहे. पाण्याच्या बाटल्या आपापल्या आणा. तो फटकळ आहे त्याला जरूर आणा, पहिली पाळी त्याची.